आक्षेप क्रमांक तीन

"गळ्याचं बटण ज्यानं शोधून काढलं, त्याला मंजुरी दिली कुणी?" आबा हनुवटी वर करून पुटपुटत होते. "द्यायच्या आधी त्या साहेबानं स्वतः लावून पाहायला पाहिजे होतं."

"हलू नका हो," नूतन म्हणाली आणि बटण लावून मोकळी झाली.

ती धुळ्याहून पहिल्या गाडीनं जळगावला आली होती. हितेंद्र, तिचा भाऊ, दीपनगरहून रात्रीच आला होता. त्यानं पेटंटच्या सुनावणीसाठी दोन जाड फायलींवर लॅपटॉप ठेवला, आबांसाठी खुर्ची ओढली, परत सरकवली, परत ओढली.

"रविवारी पण बसवतात का रे साहेबांना?" आबांनी विचारलं.

"आता ऑनलाइन आहे ना सगळं," हितेंद्र लॅपटॉपकडेच पाहत म्हणाला.

"बिचारे."

आबांनी, म्हणजे तोताराम मिस्त्रींनी, चाळीस वर्षं छपाईची यंत्रं दुरुस्त केली. डाळमिलच्या पोत्यांवर, पाइपांवर तारीख उमटवणारी यंत्रं. त्या यंत्रांचं एकच दुखणं असे, शाई सुकते आणि तोंड बुजतं. मे महिन्यात जळगावात माणूस सुकतो, तिथे केसाएवढ्या भोकातली शाई काय टिकणार?

एकदा चुलतभावाच्या केळीत ठिबकची नळी तुंबली. गड्यानं शेवटचं टोपण उघडलं तसा गाळ भसकन निघून गेला. आबा बांधावर उभे राहिले ते उभेच. नंतरची बारा वर्षं घरात दुसरा विषय नव्हता. भोकाच्या तोंडाशी शाई थांबूच द्यायची नाही, तिला सतत मागे फिरवत ठेवायचं. आई एका हातानं टॉर्च धरायची आणि दुसऱ्यानं मेथी निवडायची. आबांच्या या नव्या यंत्रानं पहिल्यांदा पोत्यावर काही उमटवलं ते आईचं नाव, 'लताबाई'. 'बा'चा काना अर्धाच आला होता. आईनं त्या पोत्यात ज्वारी भरली, पण ते कधी धुऊ दिलं नाही.

मग पेटंटचा अर्ज गेला. तपासणीत आठ आक्षेप निघाले आणि त्यांचा अहवाल हितेंद्रच्या ईमेलवर आला, तेव्हा आई दवाखान्यात होती. आई गेली. तेराव्यानंतर कधीतरी आबांनी विचारलं, "त्या आक्षेपांचं काय रे?"

"ते झालं आबा," एवढंच हितेंद्र म्हणाला होता.

आता आबांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. दुकान बंद झालं होतं. दिवसभर ते यंत्राचे जुने नकाशे उलगडत आणि घड्या घालत बसत. आज काही झालं तरी त्यांच्या कानांवर 'मंजूर' हा शब्द पडायला हवा होता, नूतनला दुसरं काही नको होतं. तीन आठवडे कॉलेजच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून ती तो अहवाल वाचत होती. एकेका आक्षेपाचा साध्या मराठीत प्रश्न करून लिहीत होती. साहेब काय विचारणार ते तिला आता तोंडपाठ होतं.

"बठ्ठं तयार शे, सगळं तयार," आबा म्हणाले. शिंदखेड्याची बोली त्यांना अशी ऐन वेळी आठवायची.

पडद्यावर साहेब आले. तरुण होते, कोट घातलेला, मागे पांढरी भिंत.

"नमस्कार आबा... म्हणजे, तोतारामजी."

"नमस्कार. साहेब मराठीच निघाले, बरं झालं!"

साहेबांनी कागद वर धरला. "आक्षेप क्रमांक तीन. शाई मागे फिरवणारी रचना परदेशातल्या जुन्या अर्जात आहे. मग तुमच्यात नवीन काय?"

हितेंद्रनं कपाळावरचा घाम पुसला. नूतनचे ओठ नकळत हलत होते.

"त्यांची शाई आतल्या कप्प्यातून मागे फिरते," आबा म्हणाले, "आणि भोकाच्या तोंडाशी थेंबभर शिळी उरतेच. माझी वाट अगदी तोंडाला लागून आहे. पाहुणा ओट्यावर बसूच नये, दारात येताच आत घ्यावा, तसं."

साहेब हसले आणि लगेच गंभीर झाले. "आणि दोन कप्प्यांमधली भिंत तिरपी कशाला?"

"हवेच्या बुडबुड्यासाठी. सरळ भिंतीला तो चिकटून बसतो, तिरपीवरून आपोआप वर सरकतो. सहा महिने लागले मला हे कळायला. आमच्या मंडळींनी दाखवलं, चहाच्या भांड्यात."

आबांच्या आवाजात जोर येत गेला. ते उठले, नकाशा पडद्यासमोर धरला, उलटा धरला होता तो सुलटा केला. नूतनला ते पुन्हा दुकानातल्या स्टुलावर दिसले, कानावर पेन्सिल, बोटं निळी. चाळीस मिनिटं गेली. आठही आक्षेप संपले.

"आपली उत्तरं समाधानकारक आहेत," साहेब म्हणाले. "सर्व आक्षेप दूर झाले. पेटंट मंजूर करण्यात येत आहे."

नूतननं डोळे टिपले. हितेंद्रनं कॉल बंद करायला हात पुढे केला. आबांनी तो हात धरला, थोपटला आणि सोडलाच नाही.

"साहेब," ते पडद्याकडे पाहत म्हणाले, "लताच्या दवाखान्याच्या धावपळीत उत्तराची मुदत टळली आणि माझा अर्ज कायमचा बाद झाला, त्याला दीड वर्ष झालं. तुम्ही कुणाचे कोण ते मी विचारत नाही, पोरांनी आणलंय म्हणजे चांगल्याच घरचे असाल. पण इतके नीट प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते, अजून एखादा असला तर विचारा ना."