आयता संवाद

विनोदी मालिकेतल्या सासूसाठी काही केल्या वाक्य सुचत नव्हतं आणि दुपारी शूटिंग होतं. लेखक डोकं धरून बसला होता, तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडी आदळली. त्याच्या आईची आणि बायकोची जुंपली होती.

"माझ्यापेक्षा तो गळका नळ बरा," आई म्हणाली. "त्याच्याकडे निदान कुणीतरी बघतं."

लेखकाची बोटं कीबोर्डवर भराभर चालू लागली.

आईच्या खोलीत कपाट उघडलं. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बायको धावत बाहेर आली. "अहो, आईंना थांबवा ना."

"एक मिनिट," तो मान वर न करता म्हणाला.

आई बॅग घेऊन दाराशी आली. चपला घातल्या. मग त्याच्यासमोरच्या खुर्चीत टेकली.

"तुझं लिहून झालं की सांग," ती म्हणाली. "मग निघते."