डेसकडे आहे तीच दुर्बीण

"मला तीच हवी," रोना म्हणाली. "डेस पुलरकडे आहे तीच. तिच्यापेक्षा वाईट नको आणि चांगलीही नको."

नेव्हिलने काउंटरवर मांडलेल्या दुर्बिणींकडे बघत मान खाजवली. ते आनाउ नावाच्या त्या डोंगराळ गावात शिकारीचं सामान विकण्यात त्याचा जन्म गेला होता, पण चांगला माल नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्याने तिला परोपरीने समजावलं. तिपाईवरची दुर्बीण माणूस एकदाच घेतो, नुसते पट वाढवून भागत नाही, भिंग मोठं असेल तरच तिन्हीसांजेला काही दिसतं. नेमबाजीच्या रेंजवर भर उन्हात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात, खरी परीक्षा रानात होते.

"नेव्हिल, मी तुला सल्ला विचारलाय का?"

विचारला नव्हता. तो मुकाट्याने आत गेला आणि धूळ बसलेलं खोकं घेऊन आला.

रोनाची लेक कर्स्टी दाराशी ओशाळून उभी होती. ही दुर्बीण कशासाठी चालली आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. गेल्या एप्रिलात, नर हरणं माजावर येऊन डोंगरभर ओरडत सुटतात त्या दिवसांत, रोनाचा नवरा मरे आणि त्याचा जिवलग मित्र डेस शिकारीला गेले होते. संध्याकाळी डेसला दरीपलीकडे रानाच्या कडेला हरीण दिसलं. त्याने ते दुर्बिणीतून न्याहाळलं आणि मग रायफल उचलली. गोळी लागली ती मरेला, आणि तो जागीच गेला. डेसने कोर्टात शपथेवर सांगितलं की मला हरीणच दिसलं. कोर्टाने त्याला निष्काळजी ठरवलं, काही महिने घरात डांबलं, रायफल काढून घेतली. गाव हळहळलं आणि विषय मिटला.

रोनाचा नाही मिटला. कसा मिटणार? रेंजवर हाच डेस त्याच दुर्बिणीला डोळा लावून मरेला सांगायचा, बोटभर डावीकडे लागली, जरा वर घे. तीनशे मीटरवरच्या कागदात गोळीने पाडलेलं भोक ज्याला दिसतं, त्याला पंधरा वर्षं शेजारी बसून जेवलेला माणूस दिसत नाही? ती दरी तर तेवढी रुंदही नाही. त्यातून दोघांचं त्याच आठवड्यात नेमबाजी क्लबच्या कप्तानपदावरून कडाक्याचं वाजलं होतं. मरे त्याला दिसला होता. दिसला होता आणि तरी त्याने गोळी झाडली, हे रोनाच्या मनात पक्कं बसलं होतं.

तिने पोलिसांना तसं सांगितलं. ते म्हणाले, पुरावा आणा. पाद्रीबुवांनी क्षमा करायला सांगितलं, तर तिने त्यांना चहाही न देता वाटेला लावलं. डेस एकदा स्वतः दारात आला होता, टोपी हातात घेऊन.

"कोर्टाला फसवलंस," रोना म्हणाली, "मला नाही फसवता यायचं." आणि तिने त्याच्या तोंडावर दार लावलं.

आता पुरावा ती स्वतःच आणणार होती. तोच डोंगर, तोच महिना, तीच वेळ, तीच दुर्बीण. पलीकडे मरेच्या जागी कर्स्टी उभी राहणार, अंगात वडिलांसारखाच तपकिरी लोकरी शर्ट. रोना पाहणार आणि मग डेसला पुन्हा कोर्टात खेचणार.

"आणि मी नाही दिसले तर?" गाडीत कर्स्टीने विचारलं.

"न दिसायला काय झालं? मी काय आंधळी आहे?"

कर्स्टीला हे मुळीच पटत नव्हतं. पण आपण नाही म्हटलं तर आई कुणा भलत्यालाच उभं करेल, हेही ती ओळखून होती. त्यांनी रायफल बरोबर घेतलीच नव्हती. दोघींकडे वॉकी-टॉकी होते, पण रोनाने बजावून ठेवलं होतं की रानातून वळसा घालून जायचं, झाडांच्या कडेला येऊन उभं राहायचं आणि मी बोलेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मरे काय ओरडून सांगत होता का, मी आलो म्हणून?

डेस जिथे बसला होता त्याच खडकामागे रोनाने तिपाई रोवली. दुर्बीण पलीकडच्या रानाच्या कडेकडे वळवली, चाक हळूहळू फिरवलं आणि तिला हसू फुटलं. नेच्याचं पान न् पान सुटं दिसत होतं. एका बुंध्यावरचं शेवाळसुद्धा दिसत होतं. मेला खोटारडा! वर्षभर तिला वेडी ठरवणाऱ्या त्या सगळ्यांना इथे आणून बसवायला हवं होतं, असं तिला वाटलं.

सूर्य कड्यामागे गेला. दरीत कुठेतरी एक नर ओरडला, दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. रोनाने डोळा भिंगावरून हलवला नाही. उजेड उतरत गेला तशी पानं एकमेकांत मिसळली, पण रानाची कड अजून दिसत होती. कर्स्टी आता कुठल्याही क्षणी बाहेर येईल.

आणि नेमकं तेव्हाच हरीण बाहेर आलं. नर होता, चांगला भरलेला. तपकिरी खांदा, खाली घातलेली मान, वर फुटलेली शिंगं. एकदा त्याने मान उचलली, कान हलवला आणि तिथेच ठाण मांडून उभा राहिला. रोना चरफडली. एवढा डोंगर पडलाय, याला हीच जागा सापडली! मग तिच्या एकदम लक्षात आलं. मागच्या झाडीत कर्स्टी असणार, आणि माजावरचा नर माणसालाही शिंगावर घेतो. तिने वॉकी-टॉकी तोंडाशी धरला आणि आवाज खाली आणला.

"कर्स्टी, आहेस तिथेच थांब. पुढे येऊ नकोस. कडेला मोठा नर उभा आहे, मला स्वच्छ दिसतोय."

थोडी खरखर झाली.

"आई," कर्स्टी म्हणाली, "इथे हरीण नाहीये. मघापासून मीच उभी आहे."