चिताऱ्याच्या लेकीचा मान

पोथी अजून बासनातून निघाली नव्हती, आणि विजयमालेचा पाय काही एका जागी ठरत नव्हता.

केनवडच्या दौलतरावांचं देवघर बायांनी भरलं होतं. देवीमाहात्म्याची ही नवी पोथी तिच्या वडिलांनी, नानाजींनी रंगवली, आणि ती पुरी होताच डोळे मिटले. त्यांचा एकही फोटो नव्हता. विजयमाला इंझोरीला सासरी; पोथी तिने पाहिलीच नव्हती. येताना बैलबंडीत वहाबचाचांनी सांगितलं होतं, नानाजींनी आरसा पुढे ठेवून स्वतःला पोथीत चितारलं आहे. चाचा म्हणजे जन्मभर नानाजींचे रंग घोटलेला माणूस. कुठल्या पानावर, असं तिने विचारलं तर नुसते हसले. “पाह्यशीन तं चट वळखशीन, बेटी.”

आज अष्टमी. वाचन आटोपलं की पोथी वर्षभर बंद.

पानं उलटू लागली. घरधनीण प्रयागबाई पोथी धरून होत्या. त्यांच्या खांद्यावरून ती पाहत राहिली. रानातले ऋषी? नाक वेगळं. राज्य गमावलेला राजा? फार तरणा. हात जोडलेल्या देवांतही तिने एकेक चेहरा चाचपला.

महिषासुराच्या पानाशी वाचन थांबलं. इथे रेड्याच्या मानेतून निघणाऱ्या राक्षसाचं तोंड प्रत्येकीने नखाने खरवडायचं, ही घरची रीत. जुन्या पोथीत त्या जागी भोकच पडलं होतं.

“पयला मान चिताऱ्याच्या लेकीचा,” प्रयागबाई म्हणाल्या. “त्याच्याकडं पाहू नको, पाप लागते. देवीकडं पाह्य.”

तिने देवीकडे पाहिलं आणि नख ओढलं. एकदा, मग घाईने पुन्हा. मागच्या बाया पुढे सरल्याच होत्या. तिचं मन उरलेल्या पानांत होतं.

उरलेल्या पानांतही नानाजी नव्हते.

ओसरीवर वहाबचाचा तंबाखू मळत बसले होते. “भेटले का?”

“नाई, चाचा. ऋषी पाह्यले, राजा पाह्यला, देव पाह्यले. खोटं काहून सांगतलं मले?”

“देवाईत कायले बसतीन थे?” चाचा हसले. “मले म्हने, वहाब, मराचं तं देवीच्याच पायाखाली. म्हशाच्या मानंतून निघते थो पाह्य ना, बेटी. मिशीसकट हुबेहूब.”

विजयमालेने हात पदराखाली घेतला. नखात सावळा रंग भरला होता.