भासाची शेवटची ओळ

"ही ओळ मी म्हणणार नाही," नटी म्हणाली आणि खोट्या स्वयंपाकघराच्या खोट्या ओट्याला टेकून उभी राहिली.

दिग्दर्शकाने मानेवरचा घाम पुसला. गुन्हेगारी मालिकेचा शेवटचा भाग, त्यातलं शेवटचं दृश्य, आणि दिव्यांनी सेट तव्यासारखा तापलेला.

मालिकेत नटी मेलेली होती. इन्स्पेक्टरची खून झालेली बायको, जी फक्त त्यालाच दिसायची. कधी जीपच्या मागच्या सीटवर, कधी चौकशीच्या खोलीत, बहुतेक वेळा या टेबलापाशी. भासाला कपडे बदलायची सोय नसते, त्यामुळे दोन वर्षं तिच्या अंगात तोच निळा लोकरी स्वेटर होता. आजच्या भागात खुनी सापडला होता. आता तिने इन्स्पेक्टरकडे बघून हसायचं, "तुझी काही चूक नव्हती" म्हणायचं आणि उजेडात विरघळून जायचं. मग इन्स्पेक्टर रडणार आणि मालिका संपणार.

"ताई, चार शब्द आहेत," दिग्दर्शक म्हणाला.

"चारच आहेत. पण म्हणतंय कोण?"

"तुम्ही."

"मी आहे कुठे? मला जाऊन दोन वर्षं झाली." दिव्यांमागे कुणीतरी फिसकन हसलं. तिला हसू आलं नाही. तिने टेबलापाशी बसलेल्या इन्स्पेक्टरकडे बोट केलं. "मी याच्या डोक्यातली आहे. मी जे बोलते ते खरं तर हाच बोलतो. म्हणजे आरोपी हाच, न्यायाधीश हाच, आणि निकाल वाचून दाखवायला तोंड मात्र माझं!"

वाहिनीच्या मॅडम खुर्चीतून उठल्या. "लोकांचा जीव आहे इन्स्पेक्टरवर. त्याच्यावर ठपका ठेवून शेवट करता येणार नाही. आणि चूक कसली? खून होण्याआधी तिने फोन केला तेव्हा याचा फोन सायलेंटवर होता. पहिल्याच भागात सांगतो तो."

"तो सांगतो. आणि मी काय करते? प्रत्येक भागात इथे बसून त्याच्या फोनकडे बघते." ती दिग्दर्शकाकडे वळली. "तुम्हीच बसवलंत मला तसं. याला ठाऊक नाही असं काही मला ठाऊक असूच शकत नाही. मग मी फोनकडे का बघते?"

दिग्दर्शकाने जरा विचार केला. "ते दिसायला बरं दिसायचं."

"दिसणारच. खरं होतं ना ते."

मॅडमनी आवाज खाली आणला. "पुढच्या मालिकेत तुमच्यासाठी चांगली भूमिका आहे. जरा विचार करून बोला. नाहीतर दुसरी बाई पाठमोरी बसवू आणि आवाज मागाहून घालू. तुमच्यावाचून आमचं काही अडत नाही."

"बसवा की. करू दे तिला पाठमोरी माफ." नटीने स्वेटर डोक्यावरून ओढून काढायला सुरुवात केली.

"थांब, काढू नकोस."

इन्स्पेक्टर झालेला नट टेबलापाशी बसल्या बसल्या तिच्याकडे वळला. त्याच्या गालांवर ग्लिसरीनचे ओघळ वाळले होते.

"कुणाच्या पाठीकडे बघून मला रडता येणार नाही," तो म्हणाला. "तसंही सकाळपासून या ओळीला डोळ्यांत औषध घालून रडतोय. मनातून काही येतच नाही. एकदा तिच्या मनासारखं होऊ दे. मग काय हवं ते करा."

दिग्दर्शकाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी घड्याळाकडे.

"एकदाच," त्या म्हणाल्या.

कॅमेरा सुरू झाला. नटी नटासमोर बसली. हसली नाही. ओळ म्हणायची जागा आली, ती तिने जाऊ दिली. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलंस म्हणून विचारावं तसं तिने विचारलं,

"फोन सायलेंटवर होता ना रे?"

"हो."

"आणि स्क्रीनवरचा उजेड?"

याचं उत्तर कुणी लिहून दिलेलं नव्हतं. नटाचा हात खिशाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"पडला होता," तो म्हणाला. "तुझं नाव दिसलं."

"मग?"

"पालथा घातला."

तो रडायचं विसरून गेला. चेहरा नुसता कोरडा पडला, आजारातून उठलेल्या माणसासारखा. तिने मान हलवली. शाबासकी नाही, शिक्षा नाही. ऐकलं, एवढंच.

ठरल्याप्रमाणे दिवेवाल्याने तिला विरघळवायचा पांढरा झोत सोडला. तिने डोळ्यांवर हात धरला, खुर्ची मागे सारली आणि उठली. झोतातून बाहेर पडली, टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेली, दार उघडलं आणि निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही. दार तिने उघडंच ठेवलं.

"कट," दिग्दर्शक जरा उशिराने म्हणाला.

नट अजून तिथेच बसलेला. त्याच्याकडे जायचं कुणाला सुचलं नाही.

आवाजाचं काम बघणाऱ्याने कानांवरचे हेडफोन खाली केले. "एक घोळ झालाय. ताईंची पावलं वाजली. फरशीवर चांगली खणखणीत. भासाच्या पावलांचा आवाज आपण कधी ठेवत नाही. पुसून टाकतो."

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, "एकही पुसायचं नाही. वाजू देत."