रूळ संपतात तिथं

दोघांना स्टेशनच्या दारात उतरवून आदितीनं गाडीतूनच पुन्हा बजावलं, "डॉक्टर काय म्हणाले, ध्यानात हाय न्हवं? जुनं बोलत राहायचं. काय चुकलं तर चुकू द्यायचं, उलट बोलायचं न्हाय."

सासूनं, राजमतीनं, मान हलवली. तिच्या मागोमाग जिनेश आत शिरला. तिचा एकुलता एक मुलगा, पन्नाशीला टेकलेला. दर रविवारी तो तिच्याबरोबर इथं यायचा आणि कंटाळा न करता सगळं ऐकून घ्यायचा.

दोघं नेहमीच्या बाकावर बसली. चहावाल्या बाळासोनं न सांगता दोन कप आणून दिले.

"आज बी तीच गोष्ट व्हय, आक्का?" त्यानं हळूच विचारलं.

राजमतीला राग आला नाही. दुसरी गोष्ट होती कुठं?

"ह्या दगडी भिंती बघ," ती जिनेशला म्हणाली. "शाहू महाराजांच्या काळातलं ठेसन. हातकणंगल्याहून लगीन करून आले, तवा पयल्यांदा हितं उतरले. मला वाटलं, राजवाडाच हाय की! इंजिनानं असा धूर सोडला, नवा शालू काळा झाला."

"मग?" जिनेश हसला.

"मालक हितंच पार्सल हापिसात हुते. डबा घिऊन यायचे मी, पोराला कडंवर मारून. त्या तिकडं रूळ संपत्यात, फुडं वाट न्हाय. पोरगं तितं उभारून इच्यारायचं, गाडी फुडं का जात न्हाय? पाच वर्साचं असताना एकदा गर्दीत हरवलं. मी येड्यागत धावले. हमालानं खांद्यावर बसवून आणलं, तर हे आपलं हसतंय! असं ग्वाड पोर माझं..."

तिनं पदरानं डोळे पुसले. ती जिनेशच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत राहिली. जिनेशनं तिचा हात थोपटला.

"रडायचं न्हाय," तो म्हणाला. "सापडलं न्हवं?"

मिरजेची गाडी लागली. फलाट भरला, रिकामा झाला. राजमतीच्या कपातला चहा तसाच गार झाला होता. सांगायचं ते सगळं सांगून संपलं होतं.

जिनेश उठला. शर्ट खाली ओढून नीट केला.

"बरं वाटलं ऐकून, मावशी," तो म्हणाला. "पर निघतो आता. घरात आई वाट बघत असंल."