पुस्तकावरचा हात

सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात विलायतेतल्या एका जुन्या डॉक्टरचं रंगवलेलं चित्र होतं. शंभर वर्षांपूर्वीचा मोठा विद्वान. पांढरी दाढी, काळा कोट, मांडीवर पुस्तक. झाडलोट करणाऱ्या छबुबाई त्याच्यासमोरून जाताना डोक्यावर पदर ओढून घ्यायच्या. नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंना रोज हसू यायचं. शेवटी त्यांनी विचारलंच, "मावशी, या गोऱ्या साहेबाला कसल्या लाजता?"

"साहेबाला कावून लाजू? आमचे हे कारखान्याच्या पाट्या रंगवायचे. बहात्तरच्या दुष्काळात ह्ये चित्र बी त्येंनीच काढलं. नमुन्याच्या फोटूत नुसतं तोंड हुतं, म्हणून हातासाठी घरातलंच माणूस बसवलं."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच चित्राच्या अगदी जवळ गेल्या. पुस्तकावरच्या बोटांची नखं फुटलेली होती, पेरं सुजलेली होती.

"दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलते," छबुबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुस्तक धरायला लई भ्यायले. म्हणले, माझ्या हातानं फाटंल."

त्यांनी पदर पुन्हा सारखा केला.

"आता मामंजींच्या पुढनं उघड्या डोक्यानं कशी जाऊ, बाई?"