फोटोतली बाई

“सुरकुत्या काढ, गालावरचा वांगही,” मालिनीबाई म्हणाल्या. “आणि रंग जरा उजळ कर.”

त्यांच्या नोंदणीचा फोटो नवा होत होता. घराचं कुलूप, फोन, बँक, सगळं आता याच फोटोशी चेहरा जुळला तरच उघडणार होतं.

स्टुडिओतल्या तनुजानं त्यांना दारातच ओळखलं होतं. त्यांना मात्र ती आठवत नव्हती. मुलासाठी तिला बघायला आल्या, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, “फोटोतली मुलगी ही नव्हेच.”

तनुजानं सांगितलं तेवढं केलं, वर हनुवटीही निमुळती केली. ‘हा चेहरा ओळखला जाणार नाही’ अशी लाल सूचना पडद्यावर आली. तिनं ती बंद केली आणि फोटो नोंदवून टाकला.

“सुनेपेक्षा तरुण दिसतेय मी,” म्हणत मालिनीबाई खुशीत गेल्या.

संध्याकाळी त्या स्टुडिओच्या काचेबाहेर उभ्या होत्या. घर उघडत नव्हतं, फोन उघडत नव्हता, आणि ओळख पटल्याशिवाय हे दारही उघडेना.

“आधीचा फोटो परत लाव गं,” त्या काच ठोठावत म्हणाल्या. “मीच आहे ही.”

तनुजा काचेजवळ आली. तिनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत सावकाश न्याहाळलं.

“फोटोतली बाई ही नव्हेच,” ती म्हणाली आणि तिनं आतले दिवे मालवले.